पालुपद ते ध्रुवपद

दहावीपासून रसग्रहण म्हटले की माझ्या वहीत तीन खाने पडत: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषासौंदर्य. अनुप्रास दिसला की खाली रेघ, उपमा दिसली की भोवती चौकोन. गुण मिळत, कविता मात्र हाती लागत नसे. ती सवय मोडली केशवसुतांच्या 'सतारीचे बोल' या कवितेने.

आम्हा रत्नागिरीकरांना केशवसुत तसे घरचेच. गणपतीपुळ्याच्या पलीकडे मालगुंड. तिथे 1866 साली कृष्णाजी केशव दामले जन्मले आणि वडिलांचे नाव पुढे करून 'केशवसुत' झाले. त्यांच्या स्मारकाचे उद्घाटन 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. शाळेच्या सहलीत ते स्मारक भरभर पाहून आम्ही समुद्राकडे पळालो होतो. कविता भेटली ती नंतर, कॉलेजात, सरांनी एकदा मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा.

प्रसंग एवढासाच. अंधाऱ्या रात्री एक उदास माणूस रस्त्याने हिंडतो आहे. एका खिडकीतून सतार ऐकू येते. आधी त्याला तिची चीड येते, मग तो ऐकू लागतो, डोळे भरतात, मन निवते आणि तो घरी जाऊन झोपतो. घडते ते सगळे मनात.

पहिली गंमत शीर्षकातच आहे. बोल म्हणजे वाद्याची अक्षरे, बोल म्हणजे बोलणे, आणि नशिबाला लावतो तोही बोलच. हा श्लेष मी पूर्वी 'भाषासौंदर्या'त टाकून मोकळा झालो असतो. पण कवितेची सगळी वाट त्यातच आहे: बोल लावणारा माणूस बोल ऐकता ऐकता शेवटी बोलू लागतो.

चरण सोळा मात्रांचे, चार-चारच्या पावलांनी पडणारे. मोठ्याने म्हटले की रात्री रस्त्याने चालणाऱ्याची चाल ऐकू येते. आणि प्रत्येक कडव्याच्या टोकाला सतारीच्या तारेवर नखीचा आघात व्हावा तसे नादाचे तेच ते शब्द. त्यांना अर्थ नाही, नुसता नाद आहे. मी समासात 'नादानुकारी शब्द' असे लिहिले आणि थांबलो. सरांनी विचारले, "तो नाद काढून टाक. काय उरतं?" काढून पाहिले. उरले एका दुःखी माणसाचे निवेदन. दागिना काढून ठेवता येतो. इथे कविताच निघून आली.

कारण शब्द तेच राहतात आणि ऐकणारा बदलत जातो. सुरुवातीला तो नाद नकोसा वाटतो. घरात कुणी एकच तक्रार लावून धरली की आपण म्हणतो, 'झालं यांचं पालुपद सुरू!' तसा. पुढे त्याच नादातून कुणीतरी खांद्यावर हात ठेवून धीर देते आहे असे त्याला वाटते. परीक्षेत ही चेतनगुणोक्ती. पण त्या एकाकी माणसाला त्या क्षणी खरोखर सोबत मिळते, हे अलंकाराच्या नावात येत नाही. पालुपदाचे आता ध्रुवपद झाले आहे: सगळे हलत असताना जे अढळ आहे ते.

ध्रुव म्हटले की तारा आठवतो, आणि तारे कवितेत आहेतच. पहिल्या कडव्यात डोक्यावरच्या ताऱ्यांकडे या माणसाचे लक्ष नाही. शेवटच्या कडव्यात धरती, रात्र, वारा यांच्या जोडीने तारेही येतात, आणि प्रत्येकाला 'शांत' हे एकच विशेषण लागत जाते. एरवी मी याला पुनरुक्ती म्हटले असते. इथे ती हळूहळू मंद होत जाणारी गत आहे.

शेवटी तो झोपतो आणि स्वप्नात तेच बोल स्वतः बोलतो. खिडकीतून रस्त्यावर पडलेला परका नाद आता त्याच्या तोंडी आहे. केशवसुतांनी हा बदल समजावून सांगितलेला नाही, फक्त ध्रुवपद कोणाच्या तोंडी आहे ते बदलले आहे.

माझ्या वहीत खाने अजून आहेत, परीक्षा आहेच. पण अलंकाराचे नाव आता मी शेवटी लिहितो, आधी त्याने काय केले ते लिहितो. तुम्हीही ही कविता एकदा रात्री, मोठ्याने वाचा. पेन्सिल मात्र दूर ठेवा.