अनुशेषाच्या हिशेबातील रोजगार : एक टीकात्मक विवेचन

प्रस्तावना

विदर्भाच्या अर्थकारणाविषयी गेली चार दशके जी चर्चा चालत आली आहे, तिचा मध्यवर्ती शब्द 'अनुशेष' हा आहे. नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते आणि त्या काळात राज्याच्या कानाकोपऱ्यातून निघालेले मोर्चे सीताबर्डीच्या परिसरात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपर्यंत येऊन थांबतात. सभागृहात सिंचनाच्या, रस्त्यांच्या आणि निधीच्या अनुशेषावर चर्चा होते. रस्त्यावरील फलकांवरचे शब्द मात्र निराळे असतात. सेवेत कायम करा, रिक्त पदे भरा, थकीत वेतन द्या, शाळांना अनुदान द्या, अशा त्या मागण्या असतात. हे दोन्ही आवाज एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असूनही त्यांचा परस्परांशी संवाद होत नाही. असे का होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : अनुशेषाची संकल्पना सार्वजनिक सुविधांतील तूट मोजण्यास उपयुक्त ठरली, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या राजकीय व घटनात्मक वचनाच्या पूर्ततेसाठी ती पुढे आली, त्या वचनातील रोजगाराचा भाग तिच्या मोजमापातून गळाला. ज्याचे मोजमाप होत नाही, त्याचा जाबही कोणाला विचारता येत नाही. विदर्भातील धोरणचर्चेची मूळ उणीव येथे आहे.

वचनाचे मूळ स्वरूप

२८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात विदर्भाला निधीच्या वाटपाबरोबरच शासकीय सेवांमध्ये आणि तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणसंस्थांतील प्रवेशांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याची हमी होती. ही हमी आकस्मिक नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपद संपुष्टात आले. राजधानी जाणे म्हणजे सचिवालये, कार्यालये आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला मध्यमवर्गीय रोजगार जाणे, ही भीती वैदर्भीय जनतेच्या मनात करारापूर्वीपासून होती. करारातील सेवाविषयक कलम हे त्या भीतीला दिलेले उत्तर होते.

सातव्या घटनादुरुस्तीने, १९५६ मध्ये, अनुच्छेद ३७१ (२) मध्ये या हमीला घटनात्मक रूप मिळाले. या तरतुदीची तीन अंगे आहेत. पहिले स्वतंत्र विकास मंडळांचे, दुसरे विकासखर्चासाठी निधीच्या न्याय्य वाटपाचे आणि तिसरे तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या पुरेशा सुविधांचे व राज्य शासनाच्या सेवांमधील नोकरीच्या पुरेशा संधींचे. म्हणजे रोजगाराचा उल्लेख संविधानात स्पष्ट शब्दांत आहे. पुढील काळात मात्र या तीन अंगांपैकी दुसऱ्याचीच चर्चा प्राधान्याने झाली. पहिले अंग १ मे १९९४ रोजी मंडळांच्या स्थापनेने प्रत्यक्षात आले आणि ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. तिसरे अंग चर्चेत राहिले ते बहुधा तक्रारीच्या स्वरूपात; त्याची नियमित हिशेबवही मांडली गेली नाही.

दांडेकर समितीची पद्धती

प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी राज्य शासनाने १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ मध्ये सादर झाला. समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्यसेवा, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रे घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी हे मानक मानले. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट म्हणजे अनुशेष. ती तूट भरून काढण्यास लागणारा खर्च रुपयांत मांडण्यात आला. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती आधारभूत धरून ही रक्कम सुमारे १४ हजार कोटींवर असल्याचे दाखविले.

या पद्धतीचे गुण मान्य केले पाहिजेत. तोपर्यंत भावनेच्या पातळीवर असलेला वाद तिने आकड्यांच्या पातळीवर आणला. अन्यायाची भाषा पडताळून पाहता येईल अशी झाली. तथापि प्रत्येक मोजमाप काही दाखविते आणि काही झाकते. या पद्धतीने सुविधांचा साठा मोजला. त्या साठ्यातून लोकांना काम मिळाले किंवा नाही, हे मोजले नाही. रुपयांत मांडलेल्या नऊ क्षेत्रांत उद्योग नव्हते आणि रोजगारही नव्हता.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. याच दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासमवेत १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ग्रामीण दारिद्र्यावरील उपाय म्हणून सार्वजनिक कामांद्वारे रोजगार देण्याचा आग्रह धरला होता. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. तो आजही आपल्या वेतनपत्रकात दरमहा कापलेला दिसतो. या योजनेत कामाचा हिशेब मनुष्यदिवसांत ठेवला जात असे. तात्पर्य, रोजगार हा मोजता येणारा विषय आहे हे शासनाला ठाऊक होते आणि समितीच्या अध्यक्षांना तर ते अधिकच ठाऊक होते. म्हणून अनुशेषाच्या वहीतून रोजगार वगळला गेला, त्याचे कारण मोजमापाची अशक्यता हे नव्हते. 'विकास म्हणजे सुविधा, आणि सुविधा आल्या की काम आपोआप येते' हे गृहीतक सार्वत्रिक मानले गेले होते. ते पुढे कधी तपासले गेले नाही.

जे वहीत आले नाही

या गृहीतकाची परीक्षा करण्यासाठी नागपुरातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. जमशेटजी टाटांनी उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातच कापड विणावे, या विचारातून ती मुंबईऐवजी नागपुरात काढण्यात आली. कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी कायद्याच्या सक्तीपूर्वीच करणारी गिरणी म्हणून ती ओळखली गेली. शतकाहून अधिक काळ तिच्या भोंग्यावर शहराच्या एका मोठ्या भागाचा दिनक्रम चालला. १९८६ मध्ये ती राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेवर पुढे मॉल व निवासी संकुल उभे राहिले.

या घटनाक्रमाकडे अनुशेषाच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? गिरणी बंद झाल्याने जिल्ह्यातील रस्त्यांची लांबी घटली नाही, दवाखान्यांतील खाटा कमी झाल्या नाहीत, सिंचनक्षेत्र आक्रसले नाही. अनुशेषाच्या वहीत त्या दिवशी एकही आकडा बदलला नाही. त्या मोजपट्टीनुसार नागपूरने काहीच गमावले नव्हते. प्रत्यक्षात नियमित वेतन, निधी आणि निवृत्तीनंतरची शाश्वती असलेला एक रोजगारप्रकारच शहरातून नाहीसा झाला होता. ज्या मोजपट्टीला एवढी मोठी हानी दिसत नाही, तिच्या आधारे केलेले धोरण कामगाराच्या दृष्टीने अपुरे राहणार, हे उघड आहे. गिरणी शासनाच्याच ताब्यात असताना बंद झाली, ही बाबही विसरता येत नाही.

मिहान : आश्वासनाचे एकक आणि हिशेबाचे एकक

नव्या शतकात विदर्भाच्या अपेक्षांचे केंद्र मिहान प्रकल्पाकडे सरकले. २००२ मध्ये त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी आदी गावांच्या जमिनींसह चार हजारांहून अधिक हेक्टरांचा हा प्रकल्प आखला गेला. विमानदुरुस्ती केंद्र आले, माहिती तंत्रज्ञानातील मोठ्या कंपन्या आल्या. हे यश नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. अशा प्रकल्पाचे समर्थन करताना रोजगाराच्या संख्या सांगितल्या जातात, परंतु प्रगतीचा आढावा घेताना हेक्टर, भूखंड, करार व गुंतवणूक यांचे आकडे पुढे येतात. आश्वासन एका एककात आणि हिशेब दुसऱ्या एककात, अशी ही रीत आहे. निर्माण झालेल्या नोकऱ्यांपैकी नियमित किती, कंत्राटी किती, प्रकल्पग्रस्त कुटुंबांच्या वाट्याला किती, असे विवरण जमिनीच्या विवरणाइतक्याच नियमाने विधिमंडळासमोर आले पाहिजे. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याने मोबदल्याबरोबर पुढच्या पिढीच्या कामाची आशाही हिशेबात धरलेली असते.

सीताबर्डीचा रस्ता

संघटित रोजगार आक्रसला की माणसे रिकामी बसत नाहीत. बसणे त्यांना परवडत नाही. व्हरायटी चौकापासून लोखंडी पुलापर्यंतच्या सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर जे दिसते, ते या दृष्टीने वाचले पाहिजे. तयार कपडे, पादत्राणे, भ्रमणध्वनीची आवरणे, खेळणी विकणारे फेरीवाले, दुकानांतील मासिक वेतनावरील मुलेमुली, हमाल, ऑटोचालक हे सर्व शहराच्या श्रमबाजाराचे घटक आहेत. नगरप्रशासनाच्या भाषेत मात्र यांपैकी फेरीवाल्यांचे नाव बहुधा 'अतिक्रमण' असते. पादचाऱ्यांची गैरसोय आणि भाडे व कर भरणाऱ्या दुकानदारांची तक्रार खरी आहे. परंतु प्रश्न केवळ वाहतुकीचा मानला की त्यातील रोजगार दृष्टीआड होतो.

पथविक्रेता अधिनियम, २०१४ ने ही दृष्टी बदलण्याचा प्रयत्न केला. दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधित्व विक्रेत्यांना आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत निष्कासनास मनाई, या तरतुदी महत्त्वाच्या आहेत. येथे प्रथमच कायद्याने उपजीविकेची गणना ही कारवाईची पूर्वअट ठरविली. आधी मोजा, मग हलवा, हे तत्त्व अनुशेषाच्या चर्चेनेही स्वीकारावे असे आहे.

संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, रोजगार ही खाजगी अर्थव्यवस्थेची निष्पत्ती आहे. शासनाने रस्ते, वीज, पाणी द्यावे, रोजगाराचा अनुशेष त्याच्या माथी मारू नये. या आक्षेपात तथ्य आहे. पण शासन स्वतःच सर्वांत मोठ्या नियोक्त्यांपैकी एक आहे, आणि अनुच्छेद ३७१ (२) त्याच्याच सेवांविषयी बोलतो. मंजूर पदे व भरलेली पदे यांचा विभागवार ताळेबंद देण्यास बाजारपेठेची अडचण येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोजगाराचा अनुशेष मान्य केला तर सर्व चर्चा सरकारी नोकरीच्या मागणीत अडकेल आणि उत्पादक अर्थव्यवस्थेचा विचार मागे पडेल, असे म्हटले जाते. हा धोका खरा आहे. म्हणूनच मोजमाप केवळ पदांचे असू नये. कामाचे स्वरूप, सातत्य व वेतन यांचेही असावे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७-१८ पासून सुरू आहे आणि जानेवारी २०२५ पासून त्याच्या नमुना-रचनेत जिल्हा हा मूलभूत घटक मानला गेला आहे. डॉ. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरून विचार केला होता, कारण जिल्ह्याची सरासरी नागपूरसारख्या शहराच्या छायेत ग्रामीण तालुके लपविते. साधने आता पूर्वीपेक्षा पुष्कळ उपलब्ध आहेत. उणीव आहे ती ती वापरण्याच्या निश्चयाची.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, अनुशेष ही संकल्पना टाकून देण्याची आवश्यकता नाही; ती अपुरी आहे हे मान्य करण्याची आवश्यकता आहे. तिच्यात तीन नोंदींची भर पडावी. शासकीय व अनुदानित सेवांतील मंजूर आणि भरलेल्या पदांची विभागवार तफावत, बंद पडलेल्या उद्योगांमुळे गेलेला रोजगार आणि सार्वजनिक जमीन वा सवलती घेतलेल्या प्रकल्पांत निर्माण झालेल्या कामांची संख्या व प्रत, या त्या तीन नोंदी होत. नागपुरात भरणाऱ्या प्रत्येक अधिवेशनात हे विवरण पटलावर ठेवले जावे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. ज्या महाविद्यालयांत अर्थशास्त्राचा हा पाठ शिकविला जातो, त्यांतील अनेक वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापक सांभाळतात. पदवी, पात्रता आणि अध्यापनाचा अनुभव असूनही सत्र संपले की त्यांचे काम संपते. नियमित वेतन घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी प्रादेशिक असमतोलावर निबंध वाचताना शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडला आहे, हे विचारले पाहिजे. त्याच्यासाठी अनुशेषाच्या वहीत अद्याप रकानाच नाही. तो आखण्याची मागणी प्रथम अध्यापकवर्गाकडून व्हावी, एवढीच अपेक्षा.