वेताळाची डायना : प्रेयसीचे प्रयोजन

ली फॉकच्या ‘फँटम’ या चित्रमालिकेचा आरंभ १९३६ मधला. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून हा नायक मराठीत ‘वेताळ’ या नावाने रुजला. कोकणात वेताळ हा गावाचा राखणदार देव. नामांतराने नायकाला ग्रामदैवताचे वलय लाभले, त्याची प्रेयसी डायना पामर मात्र मूळ नावानिशी परकीच राहिली.

डायनाच्या व्यक्तिरेखेचा विकास अबलेकडून सबलेकडे असा सरळ रेषेत मांडता येत नाही. ती आरंभापासूनच धाडसी आहे. पुढे ती संयुक्त राष्ट्रसंघात काम करते. विवाह लांबवणे ही मालिकारूपाची गरज होती. परंतु त्या लांबणीतच नायिकेला स्वतःचे कार्यक्षेत्र मिळाले. १९७७ मध्ये विवाह झाला आणि १९७९ मध्ये किट व हेलॉइज ही जुळी मुले जन्मली. एकविसाव्या वेताळाच्या मुखवट्याला वारस हवा होता. डायनाची नोकरी टिकली, पण कथानकातील तिचे प्रयोजन पालटले. ती वंशसातत्याची वाहक ठरली. जुळ्यांत मुलगी असली, तरी मुखवट्याची परंपरा पित्याकडून पुत्राकडेच जाणारी आहे. चित्रकथेतील स्त्रीप्रतिमा तपासताना म्हणूनच नायिकेच्या पराक्रमापेक्षा तिचे संरचनेतील स्थान पाहणे अगत्याचे ठरते.