तारीख नसलेली टिपणे

नीरा डावा कालवा बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जातो. तिथल्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना गावोगावच्या पावसाचे अनेक वर्षांचे रोजचे आकडे संगणकावर तपासायचे आहेत, असे समजू. पायथन भाषेत आज्ञावली लिहिणे सोपे. पण ती चालताना एकेक आज्ञा उलगडावी लागते, त्यामुळे मोठ्या हिशेबाला वेळ लागतो. म्हणून हिशेबाचा जड भाग सी भाषेत लिहितात, कंपायलरकडून त्याचे आधीच यंत्रभाषेत रूपांतर करून घेतात आणि तो पायथनला जोडतात. या जोडभागाला एक्स्टेन्शन म्हणतात.

ते कसे बांधावे हे सांगणारी बरीच टिपणे 'डिस्ट-यूटिल्स' या साधनावर आधारलेली आहेत. २००० सालापासून ते पायथनसोबतच मिळे. पुढे त्याची देखभाल अवघड झाली आणि बहुतेक जण 'सेटअपटूल्स' वापरू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले.

म्हणजे जुनी टिपणे लिहिली तेव्हा बरोबरच होती. ती कोणत्या आवृत्तीसाठी आहेत हे त्यांवर लिहिलेले नसते, हा आमचा आक्षेप आहे. त्यातून वर्गात विचित्र घोटाळा होतो. ज्या संगणकावर सेटअपटूल्स बसवलेले असते तिथे जुना पाठ चालतो, कारण त्याच्या पोटात डिस्ट-यूटिल्सची प्रत असते. शेजारच्या संगणकावर मात्र 'असे मॉड्यूल नाही' असा संदेश येतो. पाठ एकच, उत्तरे दोन! विद्यार्थ्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. काही जण तिथेच नाद सोडतात.

पायथनच्या अधिकृत मार्गदर्शिकेने ३.१२ पासून हे प्रकरण आवरते घेऊन वाचकाला सेटअपटूल्सच्या मार्गदर्शिकेकडे पाठवले. चूक दुरुस्त झाली. पण हाती जुने टिपण असलेल्या नवशिक्याला त्यात नेमके काय बदलायचे, हे कळत नाही.

बदल तसे थोडे आहेत. डिस्ट-यूटिल्सऐवजी सेटअपटूल्समधून आयात करायची. प्रकल्पाच्या 'पायप्रोजेक्ट' फाइलमध्ये सेटअपटूल्सची गरज नोंदवायची. सेटअप फाइल थेट चालवण्याऐवजी 'पिप'कडून प्रकल्प बसवून घ्यायचा. लागणारी साधने पिप स्वतःच आणते.

शिक्षकांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. टिपणाच्या माथ्यावर पायथनची आवृत्ती आणि पाठ शेवटचा चालवून पाहिल्याची तारीख लिहावी. आणि दर जूनमध्ये तो नव्याने पायथन बसवलेल्या संगणकावर तपासावा. तारखेशिवाय पावसाची नोंद आपण स्वीकारत नाही. टिपणांनाही तोच नियम लावायला हवा.