पांढऱ्या रंगातले दहा थेंब



कादंबरीतले रंग शिकवायचे म्हटले की कॉलेजात फळ्यावर तक्ता निघतो. पांढरा म्हणजे शुद्ध, काळा म्हणजे अशुभ, हिरवा म्हणजे आशा. पोरं उतरवून घेतात अन् परीक्षेत ओकतात. लेखक काळा असला तर तक्ता उलटा होतो. पांढरा जुलमी, काळा पीडित. पण तक्ता तो तक्ताच. राल्फ एलिसनची ‘इनव्हिजिबल मॅन’ (१९५२) असल्या तक्त्यानं वाचली तर हाती काही लागत नाही. म्हणून ती इथून, भातकुलीच्या काळ्या शिवारातून वाचायची.

दहावं प्रकरण घ्या. दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेला एक काळा तरुण, ज्याला कादंबरीभर नाव नाही, रंगाच्या कारखान्यात कामाला लागतो. कारखान्याची ख्याती पांढऱ्या रंगाची. तो रंग राष्ट्रीय स्मारकाला जायचा आहे. मुकादम त्याला काम सांगतो: दर डब्यात काळ्या द्रवाचे दहा थेंब टाक, काळं दिसेनासं होईस्तोवर ढवळ. झाला शुभ्र रंग तयार! पुढं त्या रंगाच्या फळीवर या पोराला एक करडी झाक दिसते. मुकादम तीच फळी पाहतो, त्याला ती दिसत नाही.

एलिसनचं मर्म इथं आहे. त्याच्या कादंबरीत पांढरेपणा निसर्गानं दिलेला नाही. तो कारखान्यात बनवलेला माल आहे. त्यात काळं घालावं लागतं आणि घातलेलं लपवावंही लागतं. त्याच कारखान्याच्या तळघरात ल्युसियस ब्रॉकवे नावाचा म्हातारा काळा कामगार आहे. रंगाचा मूळ मसाला त्याच्या हातानं बनतो. त्याच्याशिवाय कारखाना चालत नाही. पण त्याला अभिमान कशाचा? मालकाच्या पांढऱ्या रंगाचा! युनियनचं नाव काढलं की तो या काळ्या पोराच्याच अंगावर धावून जातो. आपल्याकडं असे ब्रॉकवे किती आहेत, ते तुम्हीच मोजा.

आता आपल्या शिवारात या. वऱ्हाडात कापसाला ‘पांढरं सोनं’ म्हणतात. हे सोनं येतं काळ्या मातीतून. निंदण, वेचणी आपल्या मायबहिणी करतात. बोंडाच्या काट्यांनी त्यांची बोटं सोलतात. गाठ बांधली की त्या हातांचा मागमूस राहत नाही. हेही दहा थेंबच. आणि हे नातं नुसतं उपमेचं नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१–६५) पेटलं, गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला. १८६७ साली मुंबईची रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली ती या कापसाच्याही ओढीनं. म्हणजे एलिसनचे पूर्वज आणि आपले पूर्वज एकाच बाजारात, एकाच पांढऱ्या मालाखाली दबलेले.

आपल्या भाषेत आणखी एक जोडी आहे. शेतजमीन ती ‘काळी’, गाव वसतं ती ‘पांढरी’. शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची, पण त्याचं घर मात्र गावकुसाबाहेर. काळीत राबायचं, पांढरीत राहायचं नाही. रंगांचं हे राजकारण इंग्रजीच्या प्राध्यापकाला फळ्यावर कधी दिसलं नाही. काऊन बाप्पा?

पण इथं सावध राहिलं पाहिजे. त्यांचं ते सगळं आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. तिथं रंग कातडीवर आहे. इथं जात कातडीवर दिसत नाही. बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये (१९३६) पेशवाईतला नियम सांगितला आहे: अस्पृश्यानं मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हणजे चुकूनही विटाळ होणार नाही. तिथल्या गोऱ्याला रंग आयता मिळाला. इथल्या सवर्णाला तो बाहेरून बांधावा लागला. एलिसनचा माणूस अदृश्य, कारण लोक त्याच्या कातडीपलीकडं पाहत नाहीत. आपला माणूस ओळखू येत नाही म्हणून त्याला खूण बांधली. दुखणं एका जातीचं, पण एक नव्हे.

आणि आपले कवी? सूर्य, उजेड, काळोख. शोषण म्हणजे काळोख, मुक्ती म्हणजे उजेड. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनाला ‘साधना’त राजा ढाल्यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला. मजकूर सुरुंगासारखा, पण शीर्षकातला काळा जुन्याच तक्त्यातला, सुतकाचा. दोरा ज्यांनी बांधला त्यांचाच अर्थ आपण काळ्याला देत राहिलो. एलिसनचा माणूस शेवटी तळघरात १,३६९ दिवे लावतो, तेही वीज कंपनीची वीज चोरून. त्याच्या लेखी उजेड ही कुणाची कृपा नव्हे. उजेडाला मालक आहे, आणि त्या मालकाकडून तो ओढून घ्यावा लागतो. आपल्या कवितेतल्या सूर्याला हा हिशोब क्वचितच विचारला गेला.

पांढरा तरी नेहमी शत्रूचाच कुठं आहे? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं पांढरी वस्त्रं नेसून दीक्षेला आली. तो पांढरा त्यांनी स्वतः धुतला, स्वतः नेसला. निळा झेंडाही आपण आपल्या हातानं उचलला. रंगाचा अर्थ रंगात नसतो. तो कुणी, कुणावर आणि कशासाठी चढवला, यात असतो.

तेव्हा पुढच्या वाचनाला हे दहावं प्रकरण मराठीत सांगून घ्या. इंग्रजी येणाऱ्यानं वाचावं, बाकीच्यांनी अडवून विचारावं. त्यानंतर प्रत्येकानं आपली एक कविता काढून तिच्यातले ‘काळा’ आणि ‘काळोख’ हे शब्द तपासावेत. ते आपले आहेत की बांधलेल्या दोऱ्यातून आलेत, एवढंच पाहायचं.