उपकारस्तुती कशाची? 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना

आमच्या शहरातली मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्यातून एकदा जमते. इथल्या एका जुन्या इंग्लिश चर्चचा मागचा हॉल रविवारी दुपारी दोन तास भाड्यानं मिळतो. एक जण पेटी गाडीत घालून आणतो, कुणी थर्मासमधून चहा आणतं. गीतं, शास्त्रपाठ, प्रवचन, आणि शेवटी उपकारस्तुती. म्हणजे ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवानं केलेल्या उपकारांबद्दल चार शब्द बोलायचे. गेल्या हिवाळ्यात एक बाई उभ्या राहिल्या. नवऱ्याची नोकरी गेली होती. नोकरीवरच व्हिसा असल्यामुळे साठ दिवसांची मुदत सुरू झाली होती. त्या म्हणाल्या, नोकरी गेली त्याबद्दलसुद्धा मी प्रभूचे उपकार मानते, तो करतो ते भल्यासाठीच. सगळे 'आमेन' म्हणाले. मी म्हणाले नाही. कारण बोलताना त्या रडत होत्या, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं.

घरी येऊन मी 'स्मृतिचित्रे' काढलं. पॉडकास्टवर या पुस्तकाबद्दल आम्ही बोललो तेव्हा बहुतेक वेळ नवरा-बायकोच्या भांडणांवर आणि विनोदावरच गेला होता. बाजूला राहिलेली गोष्ट इथे लिहितेय: संकटात श्रद्धा ठेवणं आणि आभार मानणं यांचं हे पुस्तक नेमकं काय करतं?

आधी तो शब्द. उपकारस्तुती हा मराठी बायबलमुळे आमच्या बोलण्यात मुरलेला शब्द. त्याचा एक आधार म्हणजे पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय 5, वचन 18. तिथे मूळ ग्रीकचा अर्थ 'सगळ्या परिस्थितीत' आभार माना असा आहे. परिस्थिती-'त', परिस्थिती-'बद्दल' नव्हे. हा फरक आम्हाला संडे स्कूलमध्येच शिकवला होता आणि मला तो फार आवडायचा, कारण त्यानं सुटका होते: कॅन्सरबद्दल आभार मानायचे नाहीत, कॅन्सर असतानाही आभार मानायला काही सापडतं का ते पाहायचं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर बायबल इतकं सोयीचं नाही. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात, अध्याय 5, वचन 20 मध्ये, सरळ 'सगळ्याबद्दल' आभार मानायला सांगितलंय. (ते पत्र पौलाचंच का यावर अभ्यासकांत वाद आहे, तो इथे नको.) म्हणजे त्या बाई काही वचनाबाहेरचं बोलत नव्हत्या.

याच ग्रंथात दुसरा आवाजही आहे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत कितीतरी गाऱ्हाणी आहेत. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी स्तुतीकडे वळतात, पण 88वं स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपतं. ईयोबाचं तर आम्ही सोयीपुरतंच वाचतो. देवानं दिलं, देवानं नेलं, असं म्हणणारा पहिल्या अध्यायातला ईयोब प्रवचनात हमखास येतो. तिसऱ्या अध्यायात तोच माणूस आपल्या जन्माच्या दिवसाला शिव्याशाप देतो आणि पुढे कितीतरी अध्याय देवाशी भांडतो. तो ईयोब मी प्रवचनात फारसा ऐकलेला नाही.

आता मराठीकडे. संकटाबद्दल देवाचे आभार मानण्याची रीत आपल्याकडे मिशनऱ्यांनी आणलेली नाही. तुकोबांचा तो अभंग तुम्ही शाळेत वाचला असेल: दिवाळं निघालं, दुष्काळ पडला, बरं झालं देवा. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ खरा होता, त्यात त्यांची पहिली बायको खरंच गेली. हे आभार किती सरळ आहेत आणि किती बोचरे, हे मला आजही ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (लोकमान्य नव्हेत, हे आमच्या वयाच्या लोकांना दरवेळी सांगावं लागतं) त्यातली सरळ बाजू घेतली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. नव्या कराराची प्रत त्यांना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं दिली, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनी लिहिलेली दोनशेच्या वर गीतं आम्ही अजून म्हणतो. त्या गीतांत दुःख आलं तरी फार वेळ दुःख म्हणून राहत नाही, त्याचं लवकर प्रेमात किंवा समर्पणात रूपांतर होतं. गायला ती फार सुंदर आहेत. पण त्या दिवशी हॉलमध्ये जे घडलं, त्याला त्यांच्यातून माझ्याजवळ काही उत्तर नव्हतं.

लक्ष्मीबाईंकडे ते काही प्रमाणात सापडलं. 1868 चा जन्म, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. लग्न झालं तेव्हा अकरा-बारा वर्षांची मुलगी, अक्षरओळख नाही. वडील सोवळ्याच्या वेडानं पछाडलेले. नवरा कवी, दिलदार, संतापी, न सांगता घरातून नाहीसा होणारा, हातातले पैसे रस्त्यात भेटेल त्याला देऊन मोकळा होणारा. तान्ह्या लेकराचा मृत्यू. मग नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी, म्हणजे त्या काळात नवरा जिवंत असून गेल्यासारखंच. लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे काढलेली वर्षं. एवढ्या ऐवजावर कुठलाही साक्ष देणारा माणूस तासभर बोलेल, आणि शेवटी म्हणेल: हे सगळं देवानं मला त्याच्याकडे आणण्यासाठी घडवलं.

लक्ष्मीबाई हे वाक्य लिहीत नाहीत. 1934 पासून भागाभागानं हे पुस्तक येऊ लागलं तेव्हा त्यांना ख्रिस्ती होऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती, 'ख्रिस्तायन' या टिळकांच्या अपुऱ्या महाकाव्याचे बहुतेक अध्याय त्यांनीच लिहिले होते. शेवट काय झाला हे त्यांना ठाऊक होतं. तरी मागच्या दुःखाला त्या शेवटाची नोकरी लावत नाहीत. ताटातुटीची वर्षं पुस्तकात ताटातुटीची वर्षं म्हणूनच राहतात. नवरा चुकला तिथे चुकला असं येतं, स्वतः वेड्यासारखं वागल्या तिथे तसं, आणि दोन्हीकडे हसू येतं. श्रद्धावान माणसानं भूतकाळ असा उघडा ठेवणं मला फार दुर्मिळ वाटतं. आपला हिशेब देवानं नीट लावला असेल असा त्यांचा विश्वास दिसतो, पण म्हणून स्वतःच्या वहीतली नोंद त्या खोडत नाहीत.

त्यांच्या धर्मांतराचा प्रसंग याच दृष्टीनं वाचून बघा. टिळकांकडे परत आल्यावरही त्या सोवळं सांभाळून होत्या, पाणीसुद्धा वेगळं. मग एकदा विचार करत बसल्या असताना त्यांना प्रश्न पडतो की देवानं माणूस केला, पशुपक्षी केले, पण जात कधी केली? आणि उत्तर येतं की ती माणसानं केली. तिथून पुढे त्या कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होतात. 1900 मध्ये बाप्तिस्मा होतो. म्हणजे त्यांना ख्रिस्ताकडे नेणाऱ्या वाटेवर सांत्वन नाही, दृष्टांत नाही. जातीबद्दलचा एक साधा, हट्टी प्रश्न आहे. दुःखातून श्रद्धा उगवते हा साक्षीचा ठरलेला साचा इथे चक्क मोडतो. दुःखाच्या वर्षांत त्यांनी कविता केल्या, आणि श्रद्धा आली ती विचारातून.

मग आभार कुठे आहेत? मला वाटतं ते तपशिलात आहेत. ज्याला आयुष्य नुसतं सोसावं लागलं त्याला इतकी माणसं, इतके पदार्थ, इतकी फजिती लक्षात राहत नाही. वाईट दिवसांतलं जे जे हसण्यासारखं होतं ते बाईंनी जपून ठेवलंय. शांता गोखल्यांनी 2017 मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद तुमच्यापैकी ज्यांना मराठी जड जातं त्यांनी जरूर घ्या. हे हसू त्यात बऱ्यापैकी उतरलंय. त्यापूर्वीचा 1950 चा जोसेफिन इंकस्टरबाईंचा अनुवाद नावापासूनच जरा भक्तिमार्गी आहे, 'मी मागे मागे जाते' अशा अर्थाचा. लक्ष्मीबाई मागे जातात हे खरं, पण वाटभर वाद घालत.

इथवर मी पुस्तकाच्या प्रेमात आहे. अडखळते ती पुढे.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. तिच्या आजोबांचं घर 1899-1900 च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झालं. गावच्या विहिरीवर ज्यांना जाता येत नव्हतं अशांपैकी ते घर. नगरात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं 1831 पासूनचं, आणि तिथल्या मंडळीतले बहुसंख्य लोक पूर्वीचे महार-मांग. दुष्काळात धान्य देणारे, शाळा काढणारे हात मिशनचे होते, हे नाकारायचं कारण नाही. पण यामुळे 'उपकार' हा शब्द आमच्या घरात दोन ठिकाणी बसला. एक देवाचे उपकार, दुसरे साहेबांचे. आजी ज्या बोर्डिंगात वाढली तिथे परदेशी पाहुणे आले की मुलींना रांगेत उभं करून आभाराचं गाणं म्हणायला लावत आणि फोटो काढत. फोटो देणगीदारांकडे जायचे. आजी सांगायची, गाताना हसायचं असा हुकूम होता. 'आमचे दात बघायचे होते त्यांना,' म्हणायची. गावात मात्र 'धान्यासाठी बाटले' हे ऐकून घ्यायचं. आणि 1950 च्या राष्ट्रपती आदेशानं ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं ते आजतागायत. शीख 1956 मध्ये आणि बौद्ध 1990 मध्ये यादीत आले. आभार मानायला सांगणारे सगळीकडे होते, हक्क विचारायला जागा कमी होती.

लक्ष्मीबाईंना कुरकुर करायची, नवऱ्याची आणि मिशनचीही फिरकी घ्यायची जी मोकळीक होती, ती त्यांच्या स्वभावाची होतीच. ती गोखल्यांच्या घरात जन्मल्याचीही होती. ब्राह्मण घरचं माणूस ख्रिस्ती होतं तेव्हा त्यानं काय सोडलं याची चर्चा होते. माझ्या खापरपणजोबांनी ख्रिस्ती होऊन काय मिळवलं याचीच झाली. सोडणाऱ्याला विनोद परवडतो, ज्यानं घेतलं असं समजलं जातं त्यानं आभारच मानत राहायचं असतं. हे मी लक्ष्मीबाईंच्या विरुद्ध म्हणत नाहीये. पाण्याचा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि तो विचारून त्या थांबल्या नाहीत. पण त्याच पाण्याची दुसरी बाजू आमच्या पणजीकडे होती आणि तिनं पुस्तक लिहिलं नाही. 'स्मृतिचित्रे' हे मराठी ख्रिस्ती अनुभवाचं पुस्तक म्हणून शिकवलं जातं, तेव्हा ते एका घराचं पुस्तक आहे एवढं तरी कुणीतरी वर्गात सांगावं.

खुद्द टिळकांना हे पगारी कृतज्ञतेचं जोखड कळलं होतं, असं मला वाटतं. वीसेक वर्षं अमेरिकन मिशनबरोबर काढून 1917 मध्ये ते तिथून बाहेर पडले, 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. गीतांतले टिळक आणि राजीनामा देणारे टिळक हे एकत्र वाचायला हवेत. देवाचे उपकार मोकळेपणानं मानायचे तर माणसांच्या उपकारातून सुटावं लागतं, असं काहीसं त्या राजीनाम्यात मला दिसतं.

आजी आभार मानायची ते पाण्याचे. नगरला नळ कित्येकदा दिवसाआड, कधी त्याहून उशिरा यायचा. आला की आधी सगळी भांडी भरायची, हंडे, कळशी, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा. मग पदरानं हात पुसून 'प्रभू, तुझे उपकार' म्हणायची आणि लगेच नगरपालिकेला शिव्या घालायची. दोन्ही एका दमात. लहानपणी मला ते विनोदी वाटायचं. आता वाटतं, स्तोत्रसंहिता तिनं आमच्यापैकी कुणाहीपेक्षा नीट वाचली होती.

आपल्यापैकी पुष्कळांना इथे राहताना या कृतज्ञतेची सवय लागते. इथे घेतलंत, शिकवलंत, आभारी आहोत. दर दोन वर्षांनी नवं कॉन्ट्रॅक्ट शोधताना मीही ग्रँटच्या अर्जात आधीच्या ग्रँटचे आभार लिहिते, दात दिसतील इतपत हसून. म्हणूनच बहुधा त्या दिवशी हॉलमध्ये मला राग आला. वाटलं, या बाईंकडून हे कुणीतरी वदवून घेतंय.

त्या आणि त्यांचे यजमान मार्चमध्ये पुण्याला परत गेले. जाण्याआधी सामान बांधायला मदत करायला गेले होते, तेव्हा धीर करून विचारलं, ताई, त्या दिवशी तुम्ही असं का म्हणालात? नोकरी जाणं काय भल्याचं होतं? त्या बॅगेची चेन ओढत होत्या. म्हणाल्या, 'अगं, भल्याचं कसलं. पण मी उभी राहून रडले असते ना, तर सगळ्यांनी पाकीट गोळा केलं असतं आमच्यासाठी. मला देवाचे उपकार चालतात. मंडळीचे नको होते.' मग म्हणाल्या, ती चेन जरा धर, लागत नाहीये.