मुंबई विद्यापीठाचे निकाल अडले कुठे?

मस्कतमध्ये, विशेषतः गालासारख्या भागात राहणाऱ्या मराठी माणसाला आपलं विद्यापीठ आठवतं ते कागदांच्या निमित्ताने. नोकरी बदलायची असते, व्यवसायाचा परवाना हवा असतो, नाहीतर मास्टर्सचा अर्ज भरायचा असतो. ओमान २०१२ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे शिक्क्यांची माळ जरा कमी झाली. पण अपोस्टिलच्या आधी राज्य सरकारचं साक्षांकन लागतं, त्याच्या आधी मूळ पदवी, आणि ट्रान्सक्रिप्ट हवी असेल तर थेट विद्यापीठ गाठावं लागतं. इथे रत्नागिरी-रायगडकडची मंडळी हमखास भेटतात आणि त्यातल्या बहुतेकांचं विद्यापीठ मुंबई. त्यामुळे विद्यापीठाची आयटी व्यवस्था कशी असावी हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका कंटाळवाणा नाही. तुमचा इथला पगार, व्हिसा, प्रवेश त्या व्यवस्थेला लटकलेला असतो.

या विषयावर मराठीत बोलायचं तर २०१७ टाळता येत नाही. त्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. ४७७ परीक्षा, सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. बेंगळुरूच्या मेरिटट्रॅक कंपनीला काम मिळालं तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि परीक्षा मार्चपासूनच सुरू होत्या. जुलै उजाडला तरी निकालांचा पत्ता नाही. कुलपती या नात्याने राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती हुकली. मग तारखा पुढे पुढे जात राहिल्या आणि शेवटचे निकाल सप्टेंबरात लागले. कुलगुरू संजय देशमुख यांना ऑगस्टमध्ये रजेवर पाठवलं, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे तात्पुरता कारभार आला, आणि २४ ऑक्टोबरला देशमुखांना पदावरून काढलं. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात असं पहिल्यांदाच घडलं.

यावर तेव्हा जो निवाडा झाला तो आजही चहाच्या टेबलावर तसाच ऐकू येतो: घाई केली, एका माणसाचा हट्ट, तंत्रज्ञान लादलं. घाईबद्दल वादच नाही. परीक्षा चालू असताना कंत्राट देणं म्हणजे पंगत बसल्यावर डाळ भिजत घालणं. शिवाय अभियांत्रिकीच्या पेपरांना पडद्यावरची तपासणी मुंबईत आधीपासून होती. म्हणजे एका शाखेचा अनुभव हाताशी होता, आणि तो बघून दुसरी, मग तिसरी शाखा घेता आली असती. एकदम सगळं उचलायचं काहीच कारण नव्हतं.

पण मला हा निवाडा अपुरा वाटतो, आणि थोडा सोयीचाही. कुलगुरू गेले, विषय मिटला. समजा कंत्राट आदल्या डिसेंबरात दिलं असतं, तर सगळं सुरळीत झालं असतं का? माझ्या मते उशीर कमी झाला असता, गोंधळ राहिलाच असता. का ते सांगतो.

पडद्यावरची तपासणी ही स्वतंत्र गोष्ट नाही. ती चार जुन्या गोष्टींच्या डोक्यावर बसते. विद्यार्थी कोण, हे सांगणारी नोंद: आसन क्रमांक, पीआरएन, महाविद्यालय, विषय. परीक्षक कोण, हे सांगणारी नोंद: कुठला प्राध्यापक कुठल्या महाविद्यालयात कुठला विषय शिकवतो, किती वर्षांपासून, अजून नोकरीत आहे का. तिसरी, कागदाची वाहतूक: मूळ उत्तरपत्रिका, तिच्या पुरवण्या, त्यांचे बारकोड, गठ्ठा कुठून निघाला आणि कुठे पोचला. आणि चौथी, निकालाचे नियम: एटीकेटी, ग्रेस, एकाच अभ्यासक्रमाच्या जुन्या-नव्या योजना. यातलं एक जरी कच्चं असलं तर वरचं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, ते अडतंच. पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेपासून सुटली की विद्यार्थ्याची अर्धी उत्तरं हरवतात. परीक्षकांची यादी ताजी नसेल तर पेपर भलत्याच्या लॉगिनला जाऊन पडतो आणि तिथेच बसतो. त्या वर्षी हजारो उत्तरपत्रिकांचा मेळ लागत नव्हता आणि शेवटी काही विद्यार्थ्यांना सरासरी गुण द्यावे लागले. आता सरासरी गुण ही सर्व्हर मंद चालल्यामुळे येणारी अडचण नाही. कुठली पुरवणी कुणाची हे सांगणारी नोंदच धड नसली की ती येते.

कागदावर तपासणी व्हायची तेव्हाही या चार गोष्टी कच्च्याच होत्या. फरक एवढाच की मध्ये माणसं होती. मध्यवर्ती तपासणी केंद्रावर गठ्ठे यायचे, कुठला परीक्षक आला नाही तर केंद्रप्रमुख ओळखीतल्या कुणाला फोन करून बोलवायचे, चुकीचा गठ्ठा आला तर शिपाई तो उचलून शेजारच्या खोलीत नेऊन द्यायचा. या फोनांची आणि फेऱ्यांची कुठे नोंद नव्हती. नवी प्रणाली आखताना कामाची जी यादी केली जाते तिच्यात त्या कशा येणार? यादीत आलं ‘परीक्षक पेपर तपासतो’. शेजारच्या खोलीत नेऊन देणारा माणूस गळला. आम्ही संशोधक लोक याला ‘अदृश्य श्रम’ वगैरे म्हणतो आणि त्यावर शोधनिबंध लिहितो, पण परीक्षा विभागातल्या कुठल्याही जुन्या कारकुनाला विचारलं असतं तर त्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचे असतात. मुंबईत ते पूर्वीही सर्रास उशिरा लागायचे. पण तेव्हा किती पेपर तपासून झाले आणि किती बाकी, हे बाहेर कुणाला कळायचं नाही. २०१७ मध्ये पहिल्यांदा रोज आकडा दिसायला लागला: आज इतके झाले, इतके राहिले. वर्तमानपत्रांत तो छापून यायचा. त्या आकड्याने एक जुनं दुखणं उघडं पाडलं. सातशेहून जास्त महाविद्यालयांच्या विद्यापीठात तपासायला पात्र आणि मोकळे प्राध्यापक पुरेसे नाहीत. अनुदानित जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, विनाअनुदानित तुकड्यांवर तासिका तत्त्वावर माणसं. महाविद्यालयांना काही दिवस तास बंद ठेवून तपासणीला लावलं, इतर विद्यापीठांकडे मदत मागितली. हे काही सॉफ्टवेअरने घडवलं नव्हतं. त्याने ते मोजलं, एवढंच. पण मोजणाऱ्यावरच राग निघाला, आणि रिकाम्या जागांचा प्रश्न पुन्हा कपाटात गेला.

मग दोष कुठे? मला तो जोडणीत दिसतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे विद्यापीठाच्या सेवा तुकड्यातुकड्याने संगणकावर आल्या. राज्य सरकारच्या पुढाकाराने २००१ मध्ये एमकेसीएल उभी राहिली. ती बहुतेकांना एमएस-सीआयटीमुळे माहीत, पण तिच्या ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ प्रणालीवर राज्यातल्या अनेक विद्यापीठांची नोंदणी आणि प्रवेश चालले. तपासणी दुसऱ्या कंपनीकडे, संकेतस्थळ तिसऱ्याकडे, ईमेल चौथ्याकडे. प्रत्येक तुकड्याला कंत्राटदार आहे, दोन तुकड्यांच्या मधल्या शिवणीला मालक नाही. विद्यार्थ्याची अडचण मात्र नेमकी शिवणीवरच येते. नोंदणीत नाव बरोबर, निकालात चूक, कोणाकडे जायचं? कंपनी म्हणते विद्यापीठाने दिलेला डेटा, विद्यापीठ म्हणतं कंपनीला कळवलंय. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुलं कलिनाला जाऊन उभी राहिली ती यासाठी. आणि हे विद्यापीठ मुंबईपुरतं नाही, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत पसरलंय. सावंतवाडीच्या मुलीला ‘कलिनाला येऊन चौकशी करा’ म्हणणं म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि दोन दिवसांचा खाडा.

यावर सल्लागार मंडळींचा ठरलेला उपाय असतो: सगळं एकत्र करा, एक खिडकी करा. इथे जरा सावध राहायला हवं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने साधारण २०१० पासून बेन अँड कंपनीच्या सल्ल्याने खर्च कमी करायचा मोठा कार्यक्रम राबवला. विभागाविभागांत बसणारे आयटी आणि कार्यालयीन कर्मचारी उचलून कॅम्पसपासून दूर फोर्थ स्ट्रीटवरच्या एका इमारतीत बसवले. कागदावर हे फारच नीटनेटकं होतं. प्रत्यक्षात प्रयोगशाळेतल्या माणसाला ज्याच्याशी जिन्यात बोलून काम व्हायचं, त्याच्यासाठी आता तिकीट काढावं लागायचं. काही वर्षांतच ती रचना मोडून माणसं पुन्हा विभागांच्या जवळ आणावी लागली. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठात असंच काही सुरू झालं तेव्हा हजारावर प्राध्यापकांनी सह्या करून विरोध केला. म्हणजे माणसं हलवून एकत्रीकरण होत नाही. एकत्र करायच्या त्या नोंदी. माणसं विद्यार्थ्याच्या जवळच हवीत. मुंबईने माझ्या मते नेमकं उलट केलं. नोंदी विखुरलेल्या ठेवल्या आणि चौकशीची जागा एकच ठेवली.

ओमानचं एक उदाहरण इथे राहून रोज समोर दिसतं. २००५ मध्ये शाही फर्मानाने उच्चशिक्षण प्रवेश केंद्र स्थापन झालं. बारावीचं ओमानी पोर एकाच यादीत आपले पसंतीक्रम भरतं, निकालानंतर ते बदलू शकतं, आणि जागा मिळाली की कळवलं जातं. नागरी क्रमांक एकच, तोच सगळीकडे. हे चालतं याचं कारण केंद्र एकच काम करतं आणि देश लहान आहे. त्यामुळे ‘गल्फमध्ये बघा कसं असतं’ हे वाक्य सुट्टीवर घरी गेल्यावर फेकू नका, ते तिथे लागू पडत नाही. इथल्याही अवघड परीक्षा वेगळ्या आहेत. २०२० मध्ये तंत्रमहाविद्यालयं आणि उपयोजित विज्ञान महाविद्यालयं एकत्र करून तंत्रज्ञान आणि उपयोजित विज्ञान विद्यापीठ झालं. सलालासारख्या गावात दोन्ही प्रकारची महाविद्यालयं होती. फर्मान एका दिवसात निघतं. दोन संस्थांचे अभ्यासक्रम, विषयांचे संकेतांक, जुन्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका जुळवायला वर्षं लागतात. त्या कामाची बातमी कधी होत नाही.

आता महाराष्ट्रात नवी लाट आहे. २०२१ पासून श्रेयांक पेढी आली, पदव्या डिजिलॉकरमध्ये जाताहेत, केंद्राची ‘समर्थ’ प्रणाली विद्यापीठं स्वीकारताहेत. समर्थचा मुद्दा मला पटतो: ती दिल्ली विद्यापीठात घडली, तिच्यामागे खासगी कंत्राटदार नाही, त्यामुळे कंपनी बदलली की डेटा अडकला असं व्हायचं भय कमी. पण ही परत जुन्या चार नोंदींवर चढवलेली नवी मजलेबांधणी आहे. श्रेयांक पेढीत तेच जाणार जे विद्यापीठ पाठवेल. तुमच्या आधारवर ‘सुनील’ आणि गुणपत्रिकेवर ‘सुनिल’ असेल, तर दोन सरकारी प्रणाल्या एकमेकींकडे बघत बसतात आणि दुरुस्तीचा अर्ज तुम्हाला गालातून करावा लागतो. बहुतेक वेळा तो मेहुणा करतो, अधिकारपत्र हातात घेऊन.

त्यामुळे कुणी नव्या पोर्टलचं उद्घाटन केलं की मला सुविधांची यादी ऐकायची नसते. मला विचारायचं असतं: नाव चुकलं तर दुरुस्त करायचा अधिकार कुठल्या पदावरच्या माणसाला आहे, आणि तो माणूस रत्नागिरीच्या उपकेंद्रात बसतो का? परीक्षकांची यादी शेवटची कधी तपासली? जुनी पद्धत आणि नवी पद्धत एक सत्र तरी शेजारी-शेजारी चालवणार का? कंत्राटात डेटा परत देण्याची अट आहे का? २०१७ मध्ये यातल्या एकाही प्रश्नाला आधी उत्तर लिहून ठेवलेलं असतं, तर विधी शाखेच्या मुलांना, ज्यांचे निकाल सगळ्यात जास्त रखडले, पुढच्या प्रवेशांच्या तारखा उलटून जाताना नुसतं बघत बसावं लागलं नसतं. त्यातली काही आज तिशीच्या आसपास असतील. त्यांच्या पदवीवर वर्ष २०१७ च आहे. निकाल कुठल्या महिन्यात हातात आला, हे पडताळणी करणाऱ्या कुठल्याच कार्यालयाला दिसत नाही.