खोट्या निवडणुकीचा खरा प्रेक्षक

हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजी आठवणी १९६७ साली ग्रंथरूपाने आल्या. अनंत भालेराव यांच्यासारख्यांनी मराठीत त्या लढ्याची साक्षेपी नोंद केली. तरीही सामान्य वाचकाच्या मनात उरतात ते रझाकार आणि १९४८ ची पोलीस कारवाई. १९४६ साली निजामाच्या राज्यात विधानसभेची निवडणूक झाली, ती 'फार्स' या एका शब्दात निकालात निघते. हा शब्द आम्हांला अपुरा वाटतो. फार्स पाहून प्रेक्षक हसतो आणि घरी जातो. परंतु ज्याला कोणी निवडून दिले नव्हते आणि ज्याला कोणी पाडू शकत नव्हते, त्या सत्ताधीशाने मतदानाचा खटाटोप करावाच कशासाठी, हा प्रश्न मागे राहतो.

प्रथम या निवडणुकीचा आराखडा पाहू. तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, निजामाच्या मराठी मुलखात होता. सभा भरवायची तर 'गश्ती निशान ५३' या फर्मानानुसार सरकारी परवानगी लागे. स्टेट काँग्रेसवर तर ती नीट स्थापन होण्याआधीच, १९३८ साली, बंदी आली. अशा राज्यात अरवमुदू अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून १९३९ साली सुधारणा जाहीर झाल्या. विधानसभेत ८५ सभासद असावेत व त्यांपैकी ४२ निवडलेले असावेत, अशी योजना होती. निवडून आलेले सारे एका बाजूस बसले तरी बहुमत त्यांच्या हाती लागू नये, असा हा हिशेब! शिवाय प्रतिनिधी गावाचा वा तालुक्याचा नव्हे, तर जहागीरदार, जमीनदार, व्यापारी, वकील अशा धंदेवार गटांचा. मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार नव्हते; ते निजामाला जबाबदार होते. महायुद्धामुळे अंमल लांबला आणि पुढे सभासदसंख्याही वाढवण्यात आली. पण मूळ तत्त्व तेच राहिले.

यावरून एक गोष्ट उघड होते. ही निवडणूक प्रजेला फसवण्यासाठी नव्हतीच. कुळाला आणि मजुराला आपल्या मताची किंमत पुरती ठाऊक होती. तिचा पहिला प्रेक्षक राज्याबाहेर होता. ब्रिटिश निघण्याच्या तयारीत होते, शेजारच्या प्रांतांत लोकांनी निवडलेली मंत्रिमंडळे आली होती. आपणही काळाबरोबर आहोत, हे त्यांना दाखवायचे होते. दुसरा प्रेक्षक राज्यातील प्रतिष्ठित वर्ग. सभागृहातील खुर्ची स्वीकारली की माणूस मिंधा होतो. त्याच्या तोंडून टीका निघाली तरी ती सरकारच्या छपराखाली निघते. तिसरा प्रेक्षक विरोधक. त्याने भाग घेतला तर त्या आराखड्याला त्याची संमती मिळते आणि न घेतला तर तो आडमुठा ठरतो.

हे गणित हैदराबादपुरते नाही. गोव्यावर ज्यांची सत्ता होती त्या सालाझारांच्या पोर्तुगालमध्येही राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान होई. १९५८ साली जनरल देल्गादो यांनी खरोखरीच आव्हान दिले, तेव्हा सरकारी निकालात ते पराभूत ठरले; आणि पुढल्याच वर्षी लोकांचे थेट मतदानच रद्द झाले. फिलिपाइन्सच्या मार्कोस यांनी मुदतपूर्व निवडणुकीची घोषणा केली ती अमेरिकन दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत. प्रेक्षक कोण होता, हे वेगळे सांगायला नको. परंतु फेब्रुवारी १९८६ मध्ये मतमोजणीतील संगणक कर्मचारी खोटे आकडे पाहून उठून गेले आणि बाक्लारानच्या चर्चमध्ये आश्रयाला आले. तेथील बिशपांनी निवडणुकीतील गैरप्रकारांचा जाहीर निषेध केला. महिना संपण्याआधी मार्कोस देशाबाहेर होते.

मग निजामाला काय मिळाले? स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ च्या जुलैत उठली. तिने निवडणुकीवर बहिष्कार घातला. तिचे अध्यक्ष रामानंद तीर्थ हे एके काळी याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. दुसरा माणूसही याच जिल्ह्याने दिला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते आणि तेथील वकील कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष व रझाकारांचा म्होरक्या झाला. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे रझाकारांच्या जमावाने पंतप्रधान छतारीचे नवाब यांच्या घराला वेढा घातला. भारताशी करार करण्यासाठी दिल्लीस निघालेले शिष्टमंडळ थांबले आणि छतारी पायउतार झाले. विधानसभा होती, पण तिच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

आमच्या मते, खोट्या निवडणुकीची किंमत इथे कळते. खरी निवडणूक राज्यकर्त्याला अप्रिय बातमी वेळेवर देते. निजामाने ती बातमी आणणारी वाटच बुजवली. उरला तो जमावाचा आवाज. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. हा धर्माधर्माचा झगडा नव्हता, हे त्यांच्या बलिदानाने सिद्ध केले. पुढच्याच महिन्यात पाच दिवसांत राज्य कोसळले.

बहिष्काराने सभागृह इतरांना मोकळे मिळाले, हा आक्षेप खोटा नाही. पण जिथे 'नाही' म्हणण्यासाठी मतपत्रिकेत जागाच नसते, तिथे घरी राहणे हेच मत ठरते. ते मत निजामाला वाचता आले नाही.

आपल्या सोसायटीत, शाळेच्या समितीत, क्वचित धर्मग्रामाच्या मंडळातही नावे आधी ठरतात आणि मग हात वर करायला सांगितले जाते. तेथे आपण कोणासाठी प्रेक्षक झालो आहोत, एवढे तरी आपण स्वतःला विचारावे.